सूर्याच्या किरीटाचा ताप

इगतपुरीची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना रात्रपाळीची शेगडी ठाऊक आहे. पत्र्याच्या डब्याला भोके पाडावयाची, त्यात लाकडाच्या ढलप्या पेटवावयाच्या आणि भोवती पाचसात जणांनी हात शेकत बसावयाचे, अशी ती बैठक असते. कामगार संघटनेच्या कामात आमच्या पुष्कळ रात्री अशा बैठकांत गेल्या. २०२४ च्या जानेवारीत अशाच एका रात्री आम्ही त्या घोळक्यात होतो. ‘आदित्य’ यान आपल्या नेमल्या जागी पोहोचल्याची बातमी त्या दिवसांत आली होती, आणि वर्तमानपत्राचे ते पान एकाने विस्तवाच्या उजेडात मोठ्याने वाचून दाखविले. सूर्याच्या पृष्ठभागाचा ताप सुमारे साडेपाच हजार अंश, आणि त्याच्या वर जे विरळ वायूचे आवरण आहे त्याचा ताप मात्र दहा ते वीस लाख अंश, असे त्यात लिहिले होते.

एका वयस्क गँगमनने विचारले, “भाऊ, ह्या शेगडीपासून चार पावलं लांब गेलं की थंडी वाजते. मग सूर्यापासून लांब गेल्यावर जास्त कसं तापतं? का पेपरवाल्याची दोन शून्यं जास्त पडली?”

शून्ये जास्त पडली नव्हती. पण कारण काही आम्हांला सांगता येईना. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि अशाच व्याख्यानमालांच्या मागच्या रांगेत. संघटनेच्या कामात एक नियम मात्र आम्ही पाळीत आलो आहोत. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणावे आणि मुदत मागून घ्यावी. थाप मारली तर ऐकणारा पुढच्या सभेला येत नाही. त्या रात्री आम्ही मुदत मागितली. ते गृहस्थ पुढे सेवानिवृत्त झाले, पण बाजारात भेटले की “भाऊ, त्या सूर्याचं काय झालं?” असे विचारल्यावाचून राहात नाहीत. आजचे हे विवेचन म्हणजे त्या मुदतीची फेड होय.

ताप निराळा, उष्णता निराळी

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. एखादी वस्तू किती तापली आहे आणि तिच्यात किती उष्णता साठली आहे, ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. कारखान्यात एमरीच्या चाकावर लोखंड धरले म्हणजे ठिणग्यांचा फवारा उडतो. त्या ठिणगीचा ताप हजार अंशांच्या घरात असतो, तरी ती हातावर पडली तर कामगार हात झटकतो आणि पुढे कामाला लागतो. चहाचे आधण शंभर अंशांचेच, पण ते अंगावर सांडले तर माणूस दवाखान्यात जातो. ठिणगीत ताप पुष्कळ, पण द्रव्य कणभर. म्हणून उष्णता थोडी.

सूर्याच्या बाहेरच्या आवरणाचे असेच आहे. त्याला आपल्या भाषेत किरीट म्हणतात, इंग्रजीत करोना. (साथीच्या रोगाच्या विषाणूला ते नाव पडले ते त्याच्या कडेचे काटे ह्या किरीटासारखे दिसतात म्हणून, सूर्याचा त्यात काही दोष नाही.) हा किरीट आपल्या हवेपेक्षा अब्जावधी पटींनी विरळ आहे. तापाचा अर्थ एवढाच, की त्यातले कण अतोनात वेगाने धावत असतात. पण कण मोजकेच असल्याने एकूण उष्णता बेताची असते.

एवढे सांगून प्रश्न संपत नाही. किरीट सतत उष्णता बाहेर टाकीत असतो. त्याचा पुरवठा जर आज बंद पडला तर काही तासांत, फार तर एकदोन दिवसांत तो थंड होऊन जाईल. तो थंड होत नाही, ह्याचा अर्थ त्याला कोणी तरी रात्रंदिवस तापवीत आहे. आणि उष्णता आपल्या आपण थंडाकडून उष्णाकडे कधीच जात नाही. साडेपाच हजार अंशांचा पृष्ठभाग नुसत्या आपल्या उष्णतेने वीस लाख अंशांच्या किरीटाला तापवू शकणार नाही. आमच्या गँगमनची शंका अगदी रास्त होती.

जेऊर स्टेशनावरची दोन मिनिटे

मग हा ताप मोजला कोणी? तेथे थर्मामीटर नेणे शक्य नव्हते. ह्या मोजणीचा एक महत्त्वाचा टप्पा आपल्याच महाराष्ट्रात पार पडला, आणि तोही आपल्याच लोहमार्गावरच्या एका स्टेशनाजवळ.

किरीटाचा प्रकाश सूर्यबिंबाच्या सुमारे दशलक्षांश. त्यामुळे एरव्ही तो झाकून जातो, आणि चंद्राने बिंब पुरते झाकले म्हणजेच डोळ्यांना दिसतो. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण दक्षिण महाराष्ट्र, विजापूर, गुंटूर अशा पट्ट्यातून गेले. पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल आणि गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन ह्यांनी वर्णपटदर्शक यंत्र रोखून सूर्याच्या कडेच्या ज्वाला पाहिल्या. पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये, अमेरिकेतील ग्रहणात किरीटाच्या प्रकाशात एक हिरवी रेघ आढळली. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या असतात. ही रेघ मात्र पृथ्वीवरच्या कोणत्याही द्रव्याशी जुळेना. तेव्हा सूर्यावर काही नवेच द्रव्य असावे असे समजून त्याला ‘कोरोनियम’ असे नावही देऊन टाकले.

त्यानंतर आले २२ जानेवारी १८९८ चे ग्रहण. त्याची सावली विजयदुर्गाजवळ किनाऱ्याला लागली आणि जेऊर, पुलगाव करीत ईशान्येकडे गेली. पश्चिम भारतात प्लेगचे दिवस होते. तरीही विजयदुर्गच्या किल्ल्यावर सर नॉर्मन लॉकियर ह्यांनी तळ दिला. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर स्टेशनाजवळ पुण्याच्या तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रे घेऊन आले, आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँपबेलही तेथेच आले. सावली तेथे होती अवघी दोन मिनिटे. विजयदुर्गला आजही ‘साहेबाचे ओटे’ दाखवितात आणि लॉकियर ह्यांनी १८६८ साली तेथूनच हेलियमचा शोध लावला असे सांगतात. ती गोष्ट जुळत नाही. १८६८ साली लॉकियर इंग्लंडात होते आणि तेथूनच त्यांनी ऑक्टोबरात आपले वेध घेतले. ते ओटे १८९८ चे आहेत. पण म्हणून त्यांची किंमत काही कमी होत नाही.

कारण १८९८ च्या ह्या ग्रहणात घेतलेल्या वर्णपटांनी एक चूक दुरुस्त झाली. हिरव्या रेघेची तरंगलांबी तोवर ५३१७ आंगस्ट्रॉमच्या जवळ समजत असत. ती ५३०३ निघाली. फरक चौदा आंगस्ट्रॉमचा, म्हणजे नखाएवढाही नव्हे. पण पत्त्यात घराचा क्रमांक चुकला तर टपाल भलत्याच दारी जाते, तसेच हे. पत्ता दुरुस्त झाला, तरी दार उघडायला आणखी चाळीस वर्षे लागली. दरम्यान १९२० साली आपल्या मेघनाद साहांनी दाखवून दिले होते, की वायू जसजसा तापतो तसतसे त्याच्या अणूंचे इलेक्ट्रॉन गळून पडतात आणि त्यांच्या रेघा बदलतात. १९४० च्या सुमारास जर्मनीचे ग्रोट्रियान आणि स्वीडनचे एडलेन ह्यांनी किरीटातल्या रेघांचा उलगडा केला. ‘कोरोनियम’ नावाचे द्रव्य कोठेच नव्हते. ते आपले लोखंडच होते. पण सव्वीसांपैकी तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंड. इतके इलेक्ट्रॉन झडावयाचे तर दहावीस लाख अंशांचाच ताप हवा. लोखंडानेच साक्ष दिली, आणि तेव्हापासून हा प्रश्न विज्ञानाच्या पटावर आहे.

हिशेब मांडून पाहू

आमची सवय अशी, की कोणतेही गाऱ्हाणे आले की आधी आकडे मांडावयाचे. सूर्याच्या पृष्ठभागाचा एक चौरस मीटर सुमारे ६ कोटी ३० लाख वॉट इतक्या जोराने प्रकाश-उष्णता बाहेर टाकतो. त्याच्यावरच्या किरीटाला गरम राहण्यासाठी शांत भागात चौरस मीटरमागे सुमारे तीनशे वॉट लागतात, आणि डागांच्या आसपासच्या क्षुब्ध भागात दहा हजारांच्या आसपास. म्हणजे शांत भागात दोन लाख रुपयांच्या मिळकतीतून एक रुपया. तिजोरीत तोटा मुळीच नाही. प्रश्न एवढाच, की हा रुपया वर पोहोचतो कसा आणि पोहोचल्यावर त्याची उष्णता होते कशी? तो उष्णतेच्या रूपाने जाऊ शकत नाही, हे वर पाहिलेच. तेव्हा तो दुसऱ्या कोणत्या तरी रूपाने जात असला पाहिजे.

हे दुसरे रूप कोणते, ते समजण्यास आपल्या थळघाटाइतके चांगले उदाहरण आम्हांला सापडले नाही. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ. वर येताना गाडीला मागून बँकर एंजिने लावावी लागतात. हीच गाडी खाली उतरताना ब्रेक लावले म्हणजे चाके व ब्रेकचे ठोकळे एवढे तापतात की जवळ गेल्यास धग लागते. ही उष्णता कोठून आली? कोठेही विस्तव पेटलेला नाही. वाघिणी थंड, रूळ थंड, घाटातली हवा तर थंडच. उंचीवर असल्यामुळे गाडीत जी शक्ती साठली होती ती गतीच्या रूपाने खाली आली आणि ब्रेकच्या ठोकळ्यापाशी घर्षणाने उष्णता झाली. उष्णता कोणी वाहून आणली नाही. काम वाहून आणले, आणि त्या कामाची उष्णता जागेवर झाली. म्हणूनच आजूबाजूच्या सर्व गोष्टींपेक्षा ठोकळा अधिक तापू शकतो, आणि तसे होण्यात निसर्गाचा कोणताही नियम मोडत नाही.

सूर्याच्या किरीटात हेच घडते, एवढ्यापुरते आता शास्त्रज्ञांत दुमत नाही. सूर्याचा पृष्ठभाग भाताच्या आधणासारखा सारखा उकळत असतो. हजार-हजार किलोमीटर रुंदीचे कढ वर येतात, सेकंदाला एकदोन किलोमीटरच्या वेगाने पसरतात आणि आठदहा मिनिटांत विरून जातात. ही उकळी म्हणजे काम करणारा हात. ह्या हाताचे काम वर नेणारा कोण, आणि वर त्याचा ब्रेक लागतो कसा, ह्या दोन गोष्टींवर पाऊणशे वर्षे वाद चालला आहे.

ताणलेल्या तारा

पहिली कल्पना आवाजाची होती. उकळीचा आवाज होतो. त्या लाटा वर जाऊन फुटत असतील आणि किरीट तापवीत असतील, असे १९४० च्या दशकात मांडले गेले. कल्पना चांगली होती. पण १९७० च्या दशकात उपग्रहांवरून मोजमाप केले तेव्हा दिसले, की ह्या लाटा बहुतेक खालच्या थरातच फुटून संपतात. किरीटापर्यंत जे पोहोचते ते अगदीच अपुरे.

मग लक्ष गेले चुंबकत्वाकडे. विजेचा प्रवाह आणि चुंबकत्व ही जोडी कधी सुटत नाही. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार असे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकसूचीला त्या प्रवाहाचा उपद्रव होईल म्हणून ते काम १९०४ साली अलिबागला हलविण्यात आले. ट्रामच्या प्रवाहाने एवढे होते, तर सूर्याचा सगळा वायूच विजेने भारलेला आहे. असा वायू हलला की चुंबकीय बलरेषा त्याच्याबरोबर ओढल्या जातात, आणि बलरेषा हलल्या की वायू ओढला जातो. कणकेत दोरे मळून टाकावे तशी दोघांची गाठ पडलेली असते.

स्वीडनचे हान्नेस आल्फव्हेन ह्यांनी १९४२ साली एका छोट्याशा टिपणात ह्यावरून एक अनुमान काढले. बलरेषेला ताण असतो आणि तिच्याबरोबर बांधलेल्या वायूला वजन असते; तेव्हा ताणलेल्या तारेप्रमाणे तिच्यातून लाट धावली पाहिजे. इगतपुरीकरांना ही लाट वेगळी दाखवावयास नको. एंजिनाचा पेंटो वरच्या तारेला घासत येतो तेव्हा गाडी पोहोचण्याआधीच तार थरथरू लागते. त्या थरथरीतून शक्ती पुढे जाते. तार मात्र जागच्या जागी असते. सूर्याच्या उकळीने बलरेषांचे पाय हलतात, आणि ती थरथर वर किरीटात सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने धावते. १९४७ साली आल्फव्हेन ह्यांनीच ह्या लाटांनी किरीट तापत असावा असे सुचविले. त्यांना १९७० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मोड कशी होते?

येथे नवी अडचण उभी राहिली. तार जितकी चांगली, तितकी लाट तिच्यातून न खर्चता निघून जाते. आल्फव्हेनच्या लाटा फार चिवट. त्या किरीटातून सरळ बाहेर निघून गेल्या तर किरीट तापणार कसा? वाहणारा सापडला, पण ब्रेक सापडेना.

तो ब्रेक म्हणजे खळबळ. शास्त्रीय भाषेत संक्षोभ. श्रावणात दारणेला पूर येतो तेव्हा पुलावरून पाहावे. मोठा भोवरा फिरत येतो, त्याचे दोन लहान होतात, त्यांचे आणखी लहान होतात, आणि शेवटी काही उरत नाही. त्या मोठ्या भोवऱ्याची शक्ती गेली कोठे? पाण्याच्या अगदी बारीक थरांच्या आपापसांतल्या घर्षणात तिची उष्णता झाली. मोठा भोवरा स्वतः पाणी तापवू शकत नाही. ते काम फक्त बारीक भोवऱ्यांचे. पाचशेची नोट घेऊन चहाच्या टपरीवर गेले तर चालत नाही, मोड करून न्यावी लागते, त्यातला हा प्रकार. उष्णतेच्या गल्ल्यावर फक्त सुटी नाणी घेतात. नोटेची मोड कोणत्या प्रमाणात होत जाते ह्याचा नियम रशियाचे गणिती कोल्मोगोरोव्ह ह्यांनी १९४१ साली बसविला.

चुंबकीय लाटांची मोड होण्यास एक अट आहे. एकाच दिशेला जाणाऱ्या लाटा एकमेकींना फारसा धक्का देत नाहीत. समोरासमोर आल्या तरच त्या एकमेकींना पिळतात आणि फाडतात. पण लाटा तर सगळ्या खालून वर जाणाऱ्या; मग समोरून येणार कोण? उत्तर असे, की किरीट वर-वर विरळ होत जातो. जाड दोराला बारीक दोरी बांधून हिसका दिला तर सांध्यापाशी काही हिसका माघारी येतो. त्याप्रमाणे वर जाणाऱ्या लाटेचा काही अंश जागोजागी परत फिरतो. वर जाणाऱ्या आणि माघारी येणाऱ्या लाटा भिडतात, त्यांच्या चिंध्या होतात, चिंध्यांच्या आणखी चिंध्या, आणि शेवटच्या बारीक धाग्यांपाशी विद्युत्भारित कणांना ती शक्ती मिळून ते वेगाने धावू लागतात. त्यांचे वेगाने धावणे म्हणजेच ताप.

दुसरा पक्ष

दुसऱ्या पक्षाचेही ऐकून घेतले पाहिजे. अमेरिकेचे यूजीन पार्कर ह्यांचे म्हणणे थोडे निराळे होते. सूर्यापासून कणांचा वारा सतत वाहतो असे त्यांनी १९५८ साली मांडले, तेव्हा तपासनिसांनी तो लेख नापसंत केला. नियतकालिकाचे संपादक आपले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर होते. त्यांनाही कल्पना पटली नव्हती. पण गणितात चूक सापडत नाही तोवर लेख अडवणे योग्य नव्हे, म्हणून त्यांनी तो छापला. चारच वर्षांत यानांनी तो वारा प्रत्यक्ष मोजला. न पटणाऱ्या माणसालाही बोलू द्यावे, हा धडा आम्हां सभा चालविणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

किरीटाविषयी पार्कर म्हणत, की बलरेषांचे पाय नुसते थरथरत नाहीत, भटकतातही. त्यामुळे वर बलरेषांचा वेणीसारखा पीळ बसत जातो. पीळ असह्य झाला की रेषा तुटतात आणि निराळ्या जोडीने पुन्हा जुळतात. यार्डात शंटिंग करताना एका गाडीचे डबे सोडून दुसऱ्या गाडीला जोडतात तशी ही फेरजोडणी. प्रत्येक वेळी साठलेली शक्ती झटक्याने सुटते. मोठ्या सौर उद्रेकाच्या अब्जाव्या हिश्शाएवढा हा झटका. म्हणून १९८८ साली त्यांनी त्याला ‘नॅनोफ्लेअर’ म्हटले. सूर्याच्या मानाने चिमुकला. आपल्या मानाने हिरोशिमावरच्या बाँबच्या हजारांहून अधिक पट. असे अगणित झटके सतत होत राहिले तर किरीट तापलेलाच राहील.

पुरावा काय सांगतो?

दोन्ही पक्षांना गेल्या वीस वर्षांत पुरावे मिळत गेले. २००७ साली जमिनीवरच्या आणि जपानच्या ‘हिनोदे’ यानावरच्या दुर्बिणींनी चुंबकीय लाटा किरीटात व त्याच्या पायथ्याशी प्रत्यक्ष दिसल्या. २०११ साली निरीक्षणांवरून असा हिशेब निघाला, की शांत किरीट तापविण्यास त्यांची शक्ती पुरेशी आहे. डागांजवळच्या क्षुब्ध भागाला मात्र ती पुरत नाही. २०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खभौतिकी केंद्रातील संशोधकांनी ऑस्ट्रेलियातील मर्चिसन रेडिओ दुर्बिणीच्या साहाय्याने शांत सूर्यावरही सेकंदभर टिकणारे असंख्य क्षीण झटके टिपले. पार्करांच्या पक्षाला हे मोठे बळ होते.

पार्कर ह्यांच्याच नावाचे यान १२ ऑगस्ट २०१८ रोजी निघाले. ते उड्डाण पाहण्यास ते नव्वदीत जातीने हजर होते. २०२२ साली ते वारले. २८ एप्रिल २०२१ रोजी हे यान पृष्ठभागापासून सुमारे १ कोटी ३० लाख किलोमीटरवर प्रथमच किरीटात शिरले. त्या सीमेला आल्फव्हेनचे नाव आहे. तिच्या बाहेर वाऱ्याचा वेग लाटेहून अधिक, म्हणून गेलेली लाट परत येत नाही. आतल्या बाजूला मात्र ती माघारी येऊ शकते. म्हणजे समोरासमोरची टक्कर जेथे व्हावयाची त्या आखाड्यातच यान उतरले. २४ डिसेंबर २०२४ रोजी ते ६१ लाख किलोमीटरपर्यंत जवळ गेले. मोठ्या लाटेपासून बारीक लाटेपर्यंत मोड होत जाते, हे त्याच्या मोजमापांत दिसते; आणि लाटांची शक्ती खर्ची पडून सौरवारा तापतो व वेग घेतो, असा पुरावा २०२४ साली प्रसिद्ध झाला.

आपले ‘आदित्य’ २ सप्टेंबर २०२३ रोजी निघून ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या जागी स्थिरावले. त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने सिद्ध केली आहे; ती किरीटाच्या खालचे थर पाहते, जेथून हे काम वर पाठविले जाते. बंगळूरच्या भारतीय खभौतिकी संस्थेचे किरीटदर्शक उपकरण एका चकतीने सूर्यबिंब झाकून कृत्रिम ग्रहण घडविते, आणि ज्या रेघांवर ते नजर ठेवते त्यांत एक आहे ५३०३ आंगस्ट्रॉमची हिरवी रेघ. विजयदुर्ग आणि जेऊरला दोन मिनिटांत जिचा पत्ता दुरुस्त झाला, तीच ही रेघ.

निकाल काय? शांत भागात व सौरवाऱ्यात लाटा आणि खळबळ ह्यांचे पारडे जड दिसते. क्षुब्ध भागात पीळ आणि फेरजोडणी ह्यांचे. दोन्ही पक्ष अगदी निराळे आहेत असेही नाही, कारण खळबळीतल्या बारीक धाग्यांतही फेरजोडणी होतच असते. कोणाचा वाटा कोठे किती, हा हिशेब मात्र अजून पुरा झालेला नाही.

आपल्याला काय त्याचे?

हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच, आणि विचारावा. ह्या तापलेल्या किरीटातूनच सौरवारा सुटतो आणि त्यातूनच सौर वादळे उसळतात. २ सप्टेंबर १८५९ रोजी आजवरचे एक अतिशय मोठे वादळ पृथ्वीवर आदळले, आणि त्याची नोंद आपल्या कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकसूचीने केली. ती नोंद जगभरचे अभ्यासक आजही उघडून पाहतात. तेव्हा तारायंत्रे बिघडली. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज अशाच वादळाने नऊ तास गेली आणि साठ लाख लोक अंधारात राहिले. ज्यांची भाकरी तारेवरच्या विजेवर आणि सिग्नलवर अवलंबून आहे अशा आपल्या गावाला हा विषय परका नाही.

दुसरे कारण आमच्या मनातले. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणाच्या दिवशी आम्ही दहा वर्षांचे होतो. कारवारकडे खग्रास, येथे खंडग्रास. आमच्या चाळीत खिडक्यांना गोणपाट लावून सगळ्यांना आत बसविले होते, आणि आम्ही गोणपाटाच्या भोकातून भिंतीवर पडलेल्या उजेडाच्या कोरी मोजल्या. त्या कोरी म्हणजे सूर्याच्याच प्रतिमा होत्या, हे समजायला पुढे पंधरा वर्षे लागली. ११ ऑगस्ट १९९९ ला पाहावयाचे ठरविले, तर दिव्याच्या अवसेचा तो दिवस इगतपुरीच्या पावसाने नेला. २ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण आपल्याकडे सायंकाळी खंडग्रास दिसावयाचे, तेही पावसाळ्यातच. २० मार्च २०३४ ची खग्रास सावली लडाखकडून जाईल. तेव्हा मुलांना कोंडून ठेवू नये. नुसत्या डोळ्यांनी, काजळी धरलेल्या काचेतून किंवा एक्स-रेच्या फिल्ममधून सूर्याकडे कधीही पाहू देऊ नये; पण प्रमाणित ग्रहणचष्मा द्यावा, नाही तर पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून प्रतिमा भिंतीवर दाखवावी. भिंतीवर ती कोर पाहिलेले मूल पुढे प्रश्न विचारील.

आता आमच्या गँगमनचे उत्तर. काका, तुमची शेगडी चुकली नाही आणि सूर्यही चुकला नाही. शेगडी उष्णता देते, म्हणून लांब गेले की थंडी वाजते. सूर्य किरीटाला उष्णता देत नाही, काम देतो. ते काम बलरेषांवरून थरथरत वर जाते, तेथे भिडते, फाटते, बारीक होते, आणि घाटातल्या ब्रेकच्या ठोकळ्यासारखी त्याची उष्णता जागेवर होते. उरलेला हिशेब चालू आहे. त्यासाठी आणखी थोडी मुदत द्यावी.